एअरबॅगने जीव वाचला, पण डोळे कोणी तपासले?

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करताना माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ते मोतीबिंदूचे रुग्ण आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेली मंडळी. त्यांच्या खालोखाल मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेलेले शेतकरी, वेल्डिंगने डोळे भाजलेली मुले आणि ग्राइंडरचा कण बुबुळात रुतलेले कारागीर येतात. या ओळखीच्या इजांमध्ये गेल्या काही वर्षांत आणखी एकीची भर पडली आहे, ती मोटारीतील एअरबॅगमुळे डोळ्याला होणाऱ्या इजेची. आपल्या देशात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि त्याच्या शेजारच्या प्रवाशासाठी 31 डिसेंबर 2021 पासून सक्तीची झाली. त्यामुळे धुळे-जळगाव महामार्गावर, शिरपूरच्या रस्त्यावर किंवा साक्रीकडून नवापूरकडे जाताना जी वाहने आपल्याला दिसतात, त्यांतल्या पुष्कळ वाहनांत आता पुढे निदान दोन एअरबॅगा असतात. अपघात तेवढेच झाले तरी एअरबॅग उघडण्याचे प्रसंग वाढणार, हे उघड आहे.

मी एअरबॅगच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे 1987 ते 2017 या काळात पुढच्या एअरबॅगांमुळे त्या एकाच देशात 50,457 माणसांचे प्राण वाचले. बेल्ट आणि एअरबॅग यांचा वापर रुळण्यापूर्वी मोटार अपघातात डोळे जात ते मुख्यतः तोंड पुढच्या काचेवर आदळल्यामुळे. ब्रिटनमध्ये 31 जानेवारी 1983 पासून पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला आणि काचेने डोळे फाटण्याचे प्रमाण ठळकपणे उतरले. त्यामुळे एअरबॅग आणि बेल्ट दोन्ही हवेतच. मला सांगायचे आहे ते अपघातानंतरच्या वेळेबद्दल. माणूस वाचला या आनंदात त्याचे डोके, छाती, हातपाय तपासले जातात, एक्स-रे निघतो, गरज वाटल्यास सीटी स्कॅनही होतो. डोळा मात्र ‘जरासा लाल आहे, होईल बरा’ असे म्हणून बाजूला राहतो. न काच लागलेली असते, न रक्त आलेले असते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

एअरबॅग उघडते कशी, हे थोडे समजून घेतले तर शंका का यायला हवी ते कळेल. समोरून धडक बसताच गाडीचा वेग किती झपाट्याने उतरला हे सेन्सर ओळखतो, पिशवी फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधील रसायन पेटते, त्यातून वायू तयार होतो आणि घडी करून ठेवलेली नायलॉनची पिशवी आवरण फाडून बाहेर येते. ही पिशवी पूर्ण फुगायला सुमारे 30 ते 50 मिलिसेकंद लागतात, आणि त्या वेळी कापडाचा वेग ताशी 200 ते 300 किलोमीटरच्या घरात असतो. दचकून पापणी पूर्ण मिटायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. याचा अर्थ डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पिशवी चेहऱ्यावर येऊन थडकलेली असते, आणि पुष्कळदा ती उघड्या डोळ्यावरच थडकते. फुगून झाल्यावर मागच्या छिद्रांतून वायू निघून ती मऊ पडू लागते. त्या मऊ पडणाऱ्या पिशवीवर चेहरा टेकला तर फारसे बिघडत नाही. ती फुगत असतानाच चेहरा तिच्या वाटेत आला तर मात्र सगळा जोर डोळ्यावर येतो. ती उघडायला फार मोठा वेगही लागत नाही. पक्क्या भिंतीवर ताशी 15 ते 25 किलोमीटर वेगाने बसणाऱ्या धडकेएवढा धक्काही तिला पुरतो. ज्या अपघातात एरवी केवळ बंपर आणि दिवे गेले असते, त्यातही डोळ्याला इजा होते ती यामुळे.

धडकेबरोबर दुसराही एक धोका येतो, तो रसायनाचा. जुन्या पिढीच्या एअरबॅगांमध्ये सोडियम अझाइड वापरत. त्यापासून नायट्रोजन वायू तयार होतो आणि सोबत सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम कार्बोनेट असे अल्कधर्मी पदार्थ अत्यंत बारीक धुळीच्या रूपात बाहेर पडतात. नव्या गाड्यांमध्ये ग्वानिडीन नायट्रेटसारखी रसायने आली आहेत, तरी गाडीत पसरणारी धूळ डोळ्याला झोंबणारीच असते. शिवाय कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून काही पिशव्यांवर टाल्कम किंवा मक्याच्या पिठाची भुकटी लावलेली असते. अपघातानंतर गाडीत धूर भरल्यासारखा वाटतो तो बहुतांशी या भुकटीचा असतो, आणि म्हणून लोक ‘नुसती पावडर आहे’ असे समजतात. आपल्याकडे तंबाखू मळताना किंवा मुलांच्या खेळण्यात चुन्याची पुडी फुटून डोळ्यात चुना गेल्याचे रुग्ण सर्वांनी पाहिलेले आहेत. एअरबॅगची अल्कधर्मी धूळ त्याच जातीची समजावी. आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या पेशी गोठतात आणि आम्ल बरेचसे तिथेच अडते. अल्क पेशींतील स्निग्ध पदार्थ विरघळवत आत उतरत जाते. मिनिटागणिक नुकसान वाढते, आणि रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता डोळे तिथल्या तिथे धुणे हाच त्यावरचा पहिला उपचार आहे.

कापसाच्या हंगामातील एक रुग्ण मला नेहमी आठवतात. पारोळ्याकडून येताना अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर ट्रॉलीला त्यांची गाडी धडकली होती. गाडी मुलगा चालवत होता, आणि सत्तरीच्या वडिलांना अर्थातच मानाने पुढे बसवले होते. दोघांनी बेल्ट लावले होते आणि दोन्ही पिशव्या उघडल्या होत्या. छातीवर बेल्टचा वळ आणि गालावर खरचटल्याची खूण, याहून जास्त काही दिसत नव्हते. मुलगा म्हणाला, “मॅडम, काचबिच काही लागली नाही, नानांच्या डोळ्यात फक्त ती पावडर गेली.” नाना डोळा दाबून धरून बसले होते. मला म्हणाले, “डोयामा आग व्हई राहिनी, माय.” खालची पापणी ओढून आत लिटमसची पट्टी टेकवली, तेव्हा ती निळी झाली, म्हणजे डोळ्यात अल्क होते. सलाईनची बाटली स्टँडला अडकवून नळीने डोळा धुवायला घेतला. वरची पापणी उलटवली तेव्हा आत पांढरट कण चिकटलेले होते. ते ओल्या कापसाच्या काडीने पुसून काढले, पुन्हा धुतले आणि पट्टीचा रंग बदलेनासा होईपर्यंत धूत राहिलो. मग फ्लुरोसीनची नारिंगी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिले, तर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, खालचा अर्धा भाग हिरवागार चमकत होता. कापडाने तेवढी त्वचा सोलून काढली होती.

नानांनी कित्येक वर्षांपूर्वी शिबिरात मोतीबिंदूचे ऑपरेशन केलेले होते, म्हणून मी त्यांना त्याच रात्री धुळ्याला पाठवले. तिथे बाहुली मोठी करण्याचे औषध घालून दोन्ही डोळ्यांचे मागचे पडदे तपासले, तेव्हा ज्या डोळ्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती त्याच्या पडद्याच्या कडेला फाट आढळली. ती वेळेत लेझरने बांधली गेली. सोललेला कॉर्निया काही दिवसांत भरून आला. दुखणाऱ्या डोळ्याने त्यांना रुग्णालयात आणले आणि न दुखणारा डोळा त्यामुळे वाचला. एअरबॅग उघडल्यावर एकाच डोळ्याची तक्रार असली तरी दोन्ही डोळे तपासावेत, असा आग्रह मी तेव्हापासून धरते.

डोळ्याचा व्यास जेमतेम 24 मिलिमीटर असतो. समोरून दाब पडला की तो पुढून-मागून चेपतो आणि कडेने फुगतो, आणि या ताणात आतले नाजूक भाग जागोजागी तुटतात. कॉर्निया खरचटणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि बहुधा पूर्ण बरी होणारी इजा होय. बुबुळाच्या मागील रक्तवाहिनी फुटली तर पुढच्या कप्प्यात रक्त साचते, आणि रुग्ण ताठ बसला की ते खाली थराने जमलेले उजेडात दिसते. नैसर्गिक भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटून भिंग सरकते किंवा पुढे त्यात मोतीबिंदू होतो. मागच्या पडद्याला सूज येते, फाट पडते, आणि फाटेतून पाणी शिरून पडदा सुटतो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशींचा थर विरळ होतो, आणि या पेशी माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. डोळ्याखालचे पातळ हाड मोडले तर एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि गाल बधिर होतो. क्वचित डोळा फुटतोही. ज्यांच्या डोळ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना हा धोका अधिक असतो, कारण कॉर्नियाची जखम भरली तरी तिची ताकद पहिल्यासारखी होत नाही. नेत्ररोपण झालेले, जुन्या पद्धतीने मोठा छेद देऊन टाके घातलेले, चष्मा घालवण्यासाठी चिरा देण्याची जुनी शस्त्रक्रिया झालेले असे सर्व लोक यात येतात. लॅसिक, म्हणजे चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया, झालेल्यांच्या कॉर्नियाचा वरचा पापुद्रा वर्षांनंतरही धक्क्याने सरकू शकतो.

खान्देशाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा आदी समाजांमध्ये या आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक, म्हणजे आजाराचे जनुक अंगी असूनही आजार नसलेला माणूस, एरवी ठणठणीत असतो, शेतात राबतो, गाडी चालवतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊक नसणेही शक्य असते. अशा माणसाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचले तर तिथे ऑक्सिजन कमी असल्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. डोळ्यातील पाण्याचा निचरा ज्या बारीक जाळीतून होतो तिच्यात त्या अडकतात आणि डोळ्याचा दाब चढतो. इतरांचा डोळा जेवढा दाब काही दिवस सोसेल, तेवढ्याच दाबाने यांची दृष्टीची नस लवकर निकामी होते. दाब उतरवण्यासाठी एरवी सर्रास दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी रक्तातील आम्लता वाढवते आणि पेशींचा विळ्याचा आकार वाढण्यास हातभार लावते, म्हणून या रुग्णांत ती टाळतात. डॉक्टरांना सिकलसेलची माहिती नसेल तर चांगल्या हेतूने दिलेला उपचारच बाधू शकतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे आणि आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. ज्यांच्याकडे सिकलसेलचे कार्ड आहे त्यांनी ते वाहन परवान्याबरोबर खिशात ठेवावे, आणि डोळ्यात रक्त साचल्याचे सांगितले गेले तर ‘आमच्या घरात सिकलसेल आहे’ हे वाक्य सर्वांत आधी उच्चारावे.

आता रस्त्यावर काय करायचे ते सांगते. गाडीतून बाहेर पडता येत असेल तर धुळीपासून दूर मोकळ्या हवेत या आणि हात डोळ्याला लावू नका, कारण तीच भुकटी हातांवर असते. आधी हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा. मग पिण्याच्या पाण्याची बाटली, ढाब्यावरचा नळ, शेतातील मोटारीचे स्वच्छ पाणी, जे मिळेल त्याने डोळे उघडे धरून धुवायला लागा. धार हलकी असावी आणि पाणी नाकाकडून कानाच्या दिशेने बाहेर वाहून जाऊ द्यावे. पंधरा मिनिटे तरी धुवावे, आग राहिली तर अर्धा तास धुवावे, आणि 108 ची रुग्णवाहिका आली तर आत सलाईनने धुणे चालू ठेवण्यास सांगावे. एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. डोळ्याला चीर पडलेली दिसत असेल, बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढल्यासारखी झाली असेल किंवा डोळ्यातून आतला काळसर भाग बाहेर डोकावत असेल, तर धार मारू नये, पापण्या जोराने उघडू नयेत, डोळा दाबू नये आणि घट्ट पट्टीही बांधू नये. चहाच्या कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवावा आणि रुग्णाला काही खायला-प्यायला न देता थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

तूप, मध, एरंडेल, गुलाबपाणी, बाळंतिणीचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. मेडिकलवर जाऊन ‘डोळा लाल झाला, ड्रॉप द्या’ असे सांगून आणलेल्या औषधात बहुधा स्टिरॉइड असते, आणि कॉर्निया सोललेला असताना ते न तपासता घालणे घातक ठरू शकते. पुढच्या कप्प्यात रक्त साचल्याचे निदान झाले असेल तर डोक्याखाली दोन-तीन उशा घेऊन झोपावे, जड उचलू नये आणि दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते.

इजा टाळण्यासाठी बरेच काही आपल्या हाती आहे, आणि त्यातले पहिले म्हणजे बेल्ट. एअरबॅग बेल्टच्या जोडीला म्हणून बनवलेली आहे. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच शरीर पुढे झेपावते आणि चेहरा नेमका फुगत्या पिशवीच्या तोंडी जातो. बेल्ट न लावता त्याचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा विकणे थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना दिला, तरी अशा क्लिपा मला अजून गाड्यांमध्ये दिसतात, आणि दर वेळी मन अस्वस्थ होते. चालकाने छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे, स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर त्याचा रोख चेहऱ्याऐवजी छातीकडे करावा आणि शेजारच्या प्रवाशाची सीट जमेल तेवढी मागे सरकवावी. घरातील ज्येष्ठाला किंवा जावयाला पुढे बसवण्याची आपली रीत प्रेमाची आहे. पण डोळ्याचे जुने ऑपरेशन झालेल्या नाना-आजींना मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवण्यात त्यांचा मान कमी होत नाही, हे घरातल्यांनी एकमेकांना समजावून सांगावे. मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसणे तर पूर्ण बंद व्हायला हवे. डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे पुढच्या सीटवरील सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅगच्या धक्क्याने मृत्यू झाला. बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जागा मागेच असावी.

डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅग अशी अक्षरे जिथे कोरलेली असतात, त्या झाकणावर सप्तशृंगी मातेची किंवा गणपतीची मूर्ती चिकटवलेली मी अनेक गाड्यांत पाहते. पिशवी उघडताना ती मूर्ती थेट समोरच्याच्या तोंडावर येते, म्हणून ती तिथून काढून आदराने अन्यत्र ठेवावी. अत्तराची बाटली आणि मोबाइलचा स्टँड यांनाही तेच लागू आहे. पुढे बसून चेहऱ्यासमोर मोबाइल धरणेही टाळावे. चष्मा काचेच्या भिंगांचा असेल तर गाडीसाठी तरी पॉलिकार्बोनेटचा करून घ्यावा, कारण तो फुटून डोळ्यात घुसत नाही आणि धूळ बऱ्यापैकी अडवतो. गाडीपुढे लावलेला लोखंडी गार्ड धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोहोचू देत नाही, आणि तो बेकायदा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो की नाही ते पाहावे. न लागणारा किंवा सतत लागून राहणारा दिवा म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे. त्याच वेळी चेसिस क्रमांकावरून ती गाडी परत मागवलेल्या यादीत आहे का, हेही तपासावे. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट दीर्घकाळच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन इन्फ्लेटर फुटत, आणि धातूचे तुकडे चेहऱ्यात घुसत. त्यासाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत मागवल्या गेल्या, भारतातही मागवल्या गेल्या. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात हे दुर्लक्षून चालणार नाही.

डोळा पांढरा झाला, आग थांबली, नजर आली, म्हणजे प्रकरण संपले असे मात्र धरू नये. पहिल्या काही आठवड्यांत काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने सावली चढत आली, तर त्याच दिवशी पडदा तपासून घ्यावा. धक्क्याने डोळ्यातील पाण्याचा निचरा करणारा कोन आतून फाटलेला असेल तर काचबिंदू महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी होतो, आणि तो न दुखता नजर खात जातो. म्हणून साधारण महिन्या-दीड महिन्याने, जखम निवल्यावर, हा कोन खास भिंग लावून तपासून घ्यावा आणि पुढे दर वर्षी डोळ्याचा दाब मोजावा. केसपेपरवर ‘एअरबॅगचा मार’ असे तारखेसह लिहून घेतले, तर दहा वर्षांनी दुसऱ्या कुणा डॉक्टरांसमोर बसतानाही तो कागद उपयोगी पडतो.